सासूबाईंची टेप आणि माझा हातभार

दुरुस्ती हा शब्द मला आवडतो. दुरुस्ती ही क्रिया मला जमत नाही. सुरतेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी निवृत्त होईपर्यंत फाटक्या पानांना पातळ कागद चिकटवले, सुटलेल्या पाठी शिवल्या, आणि त्यामुळे बरीच पुस्तकं वाचली असा माझा समज आहे. पुस्तकं तक्रार करत नाहीत, हेही त्या समजाचं एक कारण असू शकेल. घरात मात्र मी नळाच्या दिशेनं पान्हा घेऊन निघालो की शैलजा आधी सगळ्या बादल्या भरून घेते.

असं असताना सासूबाईंच्या टेपला हात लावायची बुद्धी मला का झाली, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. खालच्या मजल्यावरचे उखाभाऊ म्हणतात, उन्हामुळे. चैत्र-वैशाखात डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या कोणत्याही कृत्याला हे कारण चालतं.

माझ्या सासूबाई मालतीबाई दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. धाकटी लेक सुरतेला दिलेली, जावई सांगलीकडचा, त्यात मुका (हे त्यांचं निरीक्षण). पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं तर मनातलं आधी गावाला कळणार आणि मग लेकीला. म्हणून त्या टेप भरून पाठवायच्या. त्यांतली एकच टेप उरली आहे, आखाजीची. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. आमचा सुमित पोटात होता त्या वर्षी शैलजाला जाता आलं नाही, तर सासूबाईंनी सबंध आखाजीच टेपमध्ये भरून पाठवली. गाणी, मधूनच ओरडणारी बकरी, हातातून निसटलेलं पातेलं आणि सासऱ्यांची एक जबरदस्त शिंक, सगळं त्यात आहे.

पुढे सासूबाई गेल्या, घर विकलं गेलं. दोघी बहिणींत सोन्याची वाटणी चहा निवायच्या आत झाली. भांडण झालं ते टेपवरून. शेवटी ठरलं की एक आखाजी ते दुसरी आखाजी टेप सुरतेला राहील, पुढलं वर्ष धुळ्याला मंदाताईंकडे. जिच्याकडे टेप, तिच्या घरी दुसरीनं आखाजीला यायचं, आणि दोघींनी मिळून ती ऐकायची. तेच त्यांचं माहेर. यंदा टेप आमच्याकडे होती आणि मंदाताई ती न्यायला येणार होत्या.

आखाजी तोंडावर आली तेव्हा शैलजानं टेप लावून पाहिली. मालतीबाई तोंडावरून गोधडी घेऊन गात असाव्यात असा आवाज आला. कॅसेट काढून उजेडात धरली तर आतल्या पट्टीवर पांढरी भुकटी दिसत होती. तापीकाठच्या दमट हवेनं वर्षभरात आपलं काम केलं होतं.

"मंदाताई म्हणेल, मायला बुरशी लागू दिली," शैलजा म्हणाली. ती गवार निवडत होती. निवडलेली गवार आणि देठ एकाच ताटात पडत होते, यावरून मी काय ते ओळखलं.

सुमितचा पुण्याहून फोन आला. "आई, टेन्शन कशाला घेतेस? बाबांना सांग, फोनमध्ये घेऊन मला पाठवा. मी साफ करून देतो. मागचे सगळे फालतू आवाज उडवून टाकतो."

"मागचे म्हणजे कोणते?"

"बकरी आहे ना एक? आणि कोणीतरी शिंकतं."

"ते तुझे आजोबा शिंकतात," शैलजा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

म्हणजे अटी स्पष्ट होत्या. आवाज लख्ख हवा, पण बकरी आणि शिंक जागच्या जागी हवीत. टेप तीच हवी, कारण तिच्यावरच्या कागदावर मालतीबाईंच्या कुंकवाच्या बोटाचा डाग आहे. प्राचीन पोथ्या सांभाळणारे याहून वेगळं काय करतात? माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. "मी बघतो," मी म्हणालो. शैलजानं माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं नळाकडेही पाहिलं.

प्रथम मी कॅसेटची बाहेरून तपासणी केली. ग्रंथालयात हीच पद्धत असते, आधी बांधणी आणि मग मजकूर. तेव्हा आढळलं की कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना बारीक चौकोनी भोकं पडली आहेत, तिथलं प्लास्टिक मोडून गेलं आहे. धूळ आणि बाष्प आत शिरायची वाट हीच, असा निष्कर्ष मी काढला. बाइंडिंगच्या काळ्या कापडाचे दोन तुकडे कातरले, सरस लावून भोकं बुजवली, कडा नखानं दाबून घेतल्या. काम इतकं बेमालूम झालं की मी ते शैलजाला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, "छान." लग्नानंतर माझ्या हस्तकौशल्याला मिळालेला हा पहिलाच शब्द होता, म्हणून इथे नोंदवतो.

आता मजकूर. चष्म्याच्या पेचकसानं मी कॅसेट उघडत होतो, तेवढ्यात उखाभाऊ वर्तमानपत्र मागायला आले. उखाभाऊ पांडेसराच्या एका मिलमध्ये रंगाई खात्यात होते आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते कापड म्हणून पाहतात.

"मास्तर, काय करी ऱ्हायनात?" मी कधीही शिकवलेलं नाही, पण पुस्तकवाला माणूस म्हणजे मास्तर, असा त्यांचा हिशेब आहे.

मी सांगितलं. त्यांनी पट्टी बोटांत धरली, चोळली, नाकाशी नेली. "बुरशी से. सोपं काम से. कपडाले बुरशी लागनी म्हंजे काय करतस? धुवानं, वाळाडानं आनि इस्तरी मारानी."

धुणं आणि इस्त्री यांना मी नम्रपणे नकार दिला. कोणाचंही तिन्ही बाबतींत मन मोडणं मला जमत नाही, म्हणून वाळवणं मान्य केलं. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय याच पद्धतीनं झाले आहेत.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत आणि तिथून कपड्यांच्या दोऱ्यांवर आम्ही सासूबाई पसरल्या. तपकिरी पट्टी उन्हात अशी चमकत होती की डोळे दिपावेत. उखाभाऊ एका टोकाकडून आणि मी दुसऱ्या टोकाकडून मलमलीच्या फडक्यानं भुकटी टिपत चाललो होतो. मधोमध भेट झाली की ते मला विडी देऊ करत आणि मी नाही म्हणत असे.

आमच्या भागात घरोघरी साड्यांचं काम चालतं. कोणी टिकल्या चिकटवतं, कोणी लोंबते धागे कातरतं, कोणी लेस लावतं. त्यामुळे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दिपालीनं हाक मारली तेव्हा मला नवल वाटायला नको होतं.

"काका, ही कुठली नवीन लेस? मीटरमागे काय देतात?"

"ही लेस नाही गं. सासूबाईंची गाणी आहेत."

"सांगायचं नसेल तर राहू द्या," ती म्हणाली. "आम्ही काय तुमचं काम पळवणार आहोत का?"

दुपारपर्यंत सोसायटीत बातमी पसरली होती की चौथ्या मजल्यावरच्या काकांनी रिंग रोडच्या साडी-व्यापाऱ्याकडून नवा माल आणला आहे, आणि तो फक्त उखाभाऊंनाच वाटून दिला आहे. जिन्यात दोन बायकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तिसरीनं सुरू केलं, ते जास्त अवघड गेलं.

मग योगेंद्र वर आला. हा आमचा सेक्रेटरी. मूळचा साक्रीचा, पण जन्म सुरतेतला, त्यामुळे मराठीत सुरू झालेलं त्याचं वाक्य गुजरातीत उतरतं.

"जुओ काका, घरगुती कामाला आपली ना नाही. पण टेरेसवर माल सुकवायचा तर कमिटीची परमिशन जोईए. रेसिडेन्शियल मधे कमर्शियल चालत नाही."

"हा माल नाही योगेंद्र. या माझ्या सासूबाई आहेत."

त्यानं टाकीपासून खांबापर्यंत नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "काका, तडकामां बहु बेसो नहीं." उन्हात फार बसू नका, असा त्याचा अर्थ. सल्ला योग्य होता, पण नोटीस त्यानं तरीही दिली. ती मी घेत असतानाच गरम वाऱ्याचा एक झोत आला, आणि पट्टीचा एक पदर उडून सेक्रेटरीच्या मानेभोवती दोन वेढे घेऊन बसला. मालतीबाईंना अधिकारी माणसांविषयी कधीच आदर नव्हता.

रंगाई खात्यात जाण्याआधी मिलमध्ये बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, भरण्याचं काम केलेलं असल्यामुळे उखाभाऊंनी पट्टी सुरेख गुंडाळून दिली. एका ठिकाणी चुणी पडली तेवढीच. "धुतलं असतं तं हेबी नही व्हतं," ते म्हणाले.

आता वाजवून पाहायचं होतं. पण आमच्या टेपरेकॉर्डरनं याच मुहूर्तावर मान टाकली. आतली चाकं फिरवणाऱ्या पट्ट्याचा काळा चिकट लगदा झाला होता. स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या अनेकांनी ते यंत्र कुतूहलानं हाताळलं आणि परत दिलं. एकानं त्याच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. अखेर कुंदन नावाचा एक दांडगा आत्मविश्वास असलेला गृहस्थ भेटला.

"टेप? अरे अंकल, टेप तर मी झोपेत दुरुस्त करतो."

त्यानं ते झोपेत केलं असावं, असं मला नंतर वाटलं. पट्टा मिळेना म्हणून त्यानं साड्यांचे गठ्ठे बांधतात तसला रबर आत बसवला. वाजवून दाखवायला एक भजनाची कॅसेट लावली. त्यातली बाई आधी बुवांच्या आवाजात गायली, मग शाळकरी मुलीच्या, मग हळूहळू स्वतःच्या वयाला आली. "गरम झाला की सेट होतो," कुंदन म्हणाला. वाजवायचं बटण दाबलं तरी खाली बसत नव्हतं. त्यावरही त्याच्याकडे इलाज होता. "बाजूचं लालवालं पण सोबत दाबायचं अंकल. दोन्हीचा जोर येतो, मग बसतं."

मी मान डोलावली. यंत्रांविषयी ठामपणे बोलणाऱ्या माणसापुढे मी नेहमीच मान डोलावतो.

त्या दुपारी शैलजा कैऱ्या आणायला बाजारात गेली होती. मी खिडक्या लावून घेतल्या, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. नशिबानं ते एकट्यानंच बसलं. रबर तापेपर्यंत मालतीबाई घोगऱ्या वाटल्या, आणि मग एकदम लख्ख आवाज आला. समोर बसून गाव्यात तशा त्या गात होत्या.

*उनी आखाजी उनी व माय, निंबले झोका बांध व,*
*धाकला मना भाऊ रे, गाडीले बैल जुप रे…*

बकरी ओरडली. पातेलं पडलं. शिंक आली, अगदी जागच्या जागी. मी उठून उभा राहिलो. आपण काहीतरी दुरुस्त केलं आहे, ही भावना मला नवीन होती. आनंदाच्या भरात मी टेप थांबवली, पुढचीही थोडी ऐकावी म्हणून पुन्हा वाजवायचं बटण दाबलं, आणि या खेपेला ते बसेना. मला कुंदन आठवला. मी लाल बटणही सोबत दाबलं. दोन्ही मिळून झोकात बसली.

चाकं फिरू लागली, पण आवाज येईना. मला वाटलं, चुणी पडलेला भाग आला. त्यावर मी एक शास्त्रीय उपाय योजला. गाणं मनात पुढे नेत राहायचं, म्हणजे आवाज परतेल तेव्हा नेमका किती भाग गेला ते कळेल. दर दुसऱ्या वर्षी आखाजीला मी हॉलच्या कोपऱ्यात पुस्तक समोर धरून बसत आलो आहे. अहिराणी मला समजत नाही, असं मी पहिल्या वर्षी संकोचानं म्हणालो होतो आणि पुढे ते दुरुस्त करायचं राहून गेलं. पण कानांना कोण अडवणार? गाणं मनात चाललं होतं ते ओठांवर कधी आलं हे मला कळलं नाही. घरात कोणी नव्हतं. मी गाऊ लागलो, चांगला मोकळ्यानं, आणि मालतीबाई घेतात तसा शेवटचा हेल देऊन:

*तापीपार सासर व माय, वाट मन्ही सरे ना,*
*दारमा उभी माय मन्ही, डोळाना पानी थांबे ना…*

घंटी वाजली. दारात उखाभाऊ होते.

"मास्तर, बायासारखं काय गायी ऱ्हायनात?"

"मी? छे हो. ती टेप आहे."

"टेप का? जिनामा आयकू येस."

"मालतीबाईंचा आवाज जरा जाड होता," मी म्हणालो. मृत व्यक्तीविषयी असं बोलल्याचं मला लगेच वाईट वाटलं. ते गेल्यावर मी टेप मागे घेतली आणि ऐकली. पहिलं कडवं मालतीबाईंचं होतं. मग "टक्" झालं, आणि दुसरं कडवं मी म्हणत होतो. लाल बटण आवाज भरायचं होतं. मग घंटी, उखाभाऊ, आणि मी साळसूदपणे "ती टेप आहे" म्हणत असलेला.

मी सुमितला फोन लावला. माझ्या एका मित्राचं असं झालं आहे, म्हणून सांगितलं.

"असं होणारच नाही बाबा. कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या टिकल्या असतात, त्या मोडून टाकल्या की तिच्यावर दुसरं काही भरताच येत नाही. आजीनं तेव्हाच मोडल्या होत्या, आई नेहमी सांगते. तुमच्या मित्रानं काय भोकं बुजवली होती का?"

मित्राला विचारून सांगतो, असं मी म्हणालो.

कैऱ्या घेऊन शैलजा आली. मी काही बोलणार एवढ्यात तिनं टेप पहिल्यापासून लावली. पहिलं कडवं सुरू झालं. तिनं पिशवी तशीच खाली ठेवली, आणि शिंक येईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं स्वतःच बटण बंद केलं. "उरलेलं मंदाताईसोबत ऐकेन," ती म्हणाली. डोळे पुसले. "तुम्ही केलंत हे. मला वाटलं नव्हतं." संध्याकाळपर्यंत तिनं हे खाली दोन मजले सांगितलं. रात्री मला साखर घातलेलं दही मिळालं, जे डॉक्टरांनी बंद केलं आहे. मी ते खाल्लं. अपराध्याची भूक मरते असं पुस्तकात असतं, माझा तसा अनुभव नाही.

दुसऱ्या दिवशी उखाभाऊंना विश्वासात घेतलं. "सांगी टाका," ते म्हणाले, मग स्वतःच विचारात पडले. "नका सांगू. मंदाताई येनार से." मंदाताईंना ते एकदाच भेटले होते, तेवढं पुरलं होतं. मग त्यांनी युक्ती काढली. ते कडवं येईल त्याच सुमाराला इमारतीची लाइट घालवायची. टेप बंद पडेल, बायका हळहळतील, जेवणं होतील, आणि मंदाताई टेप घेऊन धुळ्याला जातील. पुढे जे व्हायचं ते धुळ्याला होईल.

योजना क्षुद्र होती. मला ती फार आवडली.

पण मेन स्विच मीटर रूममध्ये, आणि मीटर रूमची किल्ली योगेंद्रकडे. "अर्जी लखी आपो," तो म्हणाला. मी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी मी "कौटुंबिक" असं लिहिलं. त्यानं तो वाचून परत दिला. लाइटला कौटुंबिक कारण चालत नाही, तांत्रिक लागतं. मी "तपासणी" लिहिलं. मग तपासणी करणाऱ्याचं नाव हवं होतं. मग आधीच्या नोटिशीला उत्तर दिल्याशिवाय नवा अर्ज घेता येत नाही असं निघालं, म्हणून मी गच्चीवर कोणताही माल, लेस अथवा सासूबाई यापुढे वाळवणार नाही असं लिहून दिलं. एवढं झाल्यावर त्यानं किल्ली दिली नाही. कमिटी आखाजीनंतर बसणार होती.

"त्या खोलीले कडी से, कुलूप बिघडेल से," उखाभाऊ थंडपणे म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझे अर्ज वाचले असते. पण त्यांना माझं अक्षर आवडतं.

आखाजीचा दिवस उजाडला. मंदाताई आदल्या दिवशीच आल्या होत्या, सांजोऱ्यांचा डबा, पापडांचं गाठोडं आणि माझ्याविषयीची जुनी मतं घेऊन. "विनायकराव, अजून बोलत नाहीत वाटतं?" एवढंच त्या मला म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या. आमचा फ्लॅट आधी एका गुजराती कुटुंबाचा होता, हॉलच्या छताला त्यांच्या झोपाळ्याच्या कड्या आहेत. तिथे दोर बांधून झोका केला. रस झाला, पुरणपोळ्या झाल्या. सोसायटीतल्या खानदेशी बायका जमल्या. माझ्याशी अबोला धरलेल्या दोघीही आल्या, कारण अबोला माझ्याशी होता, शैलजाशी नव्हता.

शैलजानं सगळ्यांना सांगितलं, "आमच्या ह्यांनी नीट केली हं टेप, स्वतः." मी दाराकडे सरकत होतो. तिनं बटण दाबलं. पहिलं कडवं सुरू होताच मी जिना उतरू लागलो. बकरीला मी दुसऱ्या मजल्यावर होतो, पातेल्याला तळमजल्यावर. शिंक ऐकू आली नाही, पण अंदाजानं मी मीटर रूममध्ये शिरलो, देवाचं नाव घेतलं आणि मेन स्विच खाली ओढला.

सबंध इमारत गप्प झाली. पंखे थांबले, कूलर थांबले, लिफ्ट थांबली, कोणाचा तरी मिक्सर थांबला. एवढी शांतता मी डिंडोलीत कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, चौथ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीतून, स्पष्ट, गोल, हेल काढत माझाच आवाज खाली आला:

*तापीपार सासर व माय…*

मंदाताईंच्या गावाकडे सणाच्या दिवशी लाइट जाण्याची परंपरा आहे. म्हणून त्या सेल घेऊनच आल्या होत्या, आणि त्यांनी टेपमध्ये ते सकाळीच घालून ठेवले होते, हे मला मागाहून कळलं.

लिफ्ट मीच बंद पाडलेली. मी जिना चढू लागलो. उकाड्यानं लोक दारं उघडून बाहेर आले होते, आणि मी प्रत्येक मजल्यावर माझ्याच गाण्यातून वाट काढत वर चाललो होतो. दुसऱ्या मजल्यावर योगेंद्र उभा होता. तो काहीतरी विचारणार होता. मग त्यानं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन वाट दिली. मी आमच्या दाराशी पोचलो तेव्हा टेपमधली घंटी वाजली.

"मास्तर, बायासारखं काय गायी ऱ्हायनात?"

"मी? छे हो. ती टेप आहे."

हॉलमध्ये जे हसू फुटलं, त्याचं वर्णन करण्याची माझी तयारी नाही. अबोलेवाल्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. टेपमधला मी "मालतीबाईंचा आवाज जरा जाड होता" म्हणालो, आणि झोक्यावर बसलेल्या मंदाताईंनी पाय टेकून झोका थांबवला.

शैलजा हसली नव्हती. तिनं टेप बंद केली. "अहो, मायचं कडवं?"

"गेलं," मी म्हणालो. "मी… ती भोकं… लाल बटण…" यापुढे मला जमलं नाही.

तिनं पदर तोंडाला लावला. अबोलेवाल्या दोघी सावरून बसल्या. एवढ्या वर्षांत मी तिचं काय काय बिघडवलं असेल, नळ, मिक्सर, एकदा तर शिलाई मशीनही, पण असं काही नाही.

"गेलं कुठं?" मंदाताई झोक्यावरून म्हणाल्या. "आता तर म्हटलं त्यांनी."

"ते ह्यांनी म्हटलं ताई. मायनं नाही."

"शब्द कोणाचे होते? मी म्हणते 'दारमा उभी', तू दरवर्षी 'वाटमा उभी' म्हणतेस. दरवर्षी आपलं भांडण, टेपमध्ये नेमका तेवढाच शब्द पुसट. ह्यांनी काय म्हटलं?"

"दारमा," शैलजा कष्टानं म्हणाली.

"विनायकराव, माय काय म्हणायची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराची कडी धरली. "दारमा," मी म्हणालो. "पण शेवटच्या कडव्यात 'वाटमा' येतं. म्हणून शैलजाचा घोटाळा होतो. शेवटचं कडवं त्यांनी टेपमध्ये म्हटलेलं नाही. त्याआधीच टेप संपते. पण सुमितच्या बारशाला आल्या होत्या तेव्हा त्या पाळण्यापाशी ते म्हणायच्या."

शैलजानं पदर खाली घेतला. "शेवटचं कडवं? ते मला नाही येत. ताई, तुला?"

मंदाताईंनी मान हलवली. त्यांना काही येत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तुम्हाला येतं?" शैलजानं विचारलं. एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी क्वचितच बोलते.

"येतं," मी म्हणालो. "पण असं सगळ्यांसमोर मला…"

मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटून घेतलं. समोर रसाचं पातेलं होतं. त्याच्याकडे बघत मी शेवटचं कडवं म्हटलं. माझा आवाज फाटतो, हेल चुकतो, मधे श्वास पुरत नाही. लाइट अजून गेलेलीच होती, कारण ती परत लावायला खाली कोणी गेलं नव्हतं. संपल्यावर, आवडलं नसावं असं वाटून मी रसाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग दार किलकिलं केलं. दोघी बहिणी एकाच झोक्यावर दाटीनं बसल्या होत्या आणि दोघींचे डोळे गळत होते. उंबऱ्याशी उभे असलेले उखाभाऊ म्हणाले, "आवाज काही खास नही मास्तर, पन पाठ चांगला से."

दुसऱ्या दिवशी मंदाताई निघाल्या. शैलजानं कॅसेट फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. ठरल्याप्रमाणे आता पाळी त्यांची होती. मंदाताईंनी कॅसेट क्षणभर गालाला लावली आणि परत शैलजाच्या हातात ठेवली.

"ही राहू दे तुझ्याकडं. आमच्या गल्लीतल्या बायांना शेवटचं कडवं शिकायचंय. यंदा मी ह्यांना नेते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी आशेनं शैलजाकडे पाहिलं. ती कपाटावरून माझी बॅग काढत होती.